पंक्चर काट्याचं नाही, जोडीचं: टायर आणि रिमची रुंदी जुळत नसेल तर काय तपासायचं

मराठवाड्यात सायकलचं चाक बसलं की आरोपी ठरलेले: बाभळीचा काटा, नाहीतर एप्रिल-मेचं ऊन. दोघंही निर्दोष नाहीत. पण त्याच चाकाला महिन्यात तिसरा पॅच लागला आणि टायरमधून एकदाही काटा निघाला नाही, तर बांधावरच्या बाभळीला शिव्या देऊन उपयोग नाही. अशा वेळी बहुतेकदा टायर आणि रिमची जोडीच चुकलेली असते. कुणी दुकानात जाऊन "सव्वीसचा द्या" म्हणालेलं असतं, दुकानदाराने हाताला लागला तो सव्वीसचा दिलेला असतो, आणि रिम मात्र तिसऱ्याच मापाची असते.

लक्षणं

- ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिमच्या दोन कडा आणि खड्ड्याचा काठ यांच्यामध्ये चेपते, त्याची ही खूण.
- भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला.
- वॉल्व्ह तिरका होतो आणि ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते.
- रिम सरळ फिरते, पण टायर एका जागी उचलतो किंवा दबतो. सीटवर दर फेरीला एक हलका धक्का जाणवतो.
- टायर चिमट्याला, मडगार्डला किंवा ब्रेकच्या रबराला एकाच बाजूने घासतो.
- वळणावर मागचं चाक डोलल्यासारखं वाटतं, जणू हवा कमी आहे. दाबून बघावं तर हवा असते.
- टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेलगत, गोल रेषेत चिरा पडतात.
- रिमच्या कडांना पोचे.
- सायकल उन्हात उभी असताना फट्कन आवाज होतो. टायर रिमवरून एका ठिकाणी उतरलेला आणि ट्यूबचा फुगा बाहेर आलेला दिसतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर खालच्या क्रमाने जा. पहिल्या चार तपासण्यांना पैसा लागत नाही, चौथ्यातली एक चाचणी सोडली तर चाकही काढावं लागत नाही.

1. टायरवरचा आकडा वाचा

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसा आणि मध्ये आडवी रेघ असलेला आकडा शोधा: 47-559, 37-590, 40-635 असा. याला ईटीआरटीओचं, म्हणजे टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेचं, माप म्हणतात. पहिला आकडा म्हणजे हवा भरल्यावर टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दुसरा आकडा रिमशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, त्यात एक मिलिमीटरचीही सूट नाही. पहिल्याला थोडी सूट असते. ती किती, ते आठव्या तपासणीत बघू.

इंचाचा आकडा हे नुसतं हाक मारायचं नाव आहे, माप नव्हे. 'सव्वीस' या एका नावाखाली निदान चार वेगळे व्यास आहेत. दशांशात लिहिलेले 26 × 1.75, 26 × 1.95, 26 × 2.125 हे सगळे 559 चे. अपूर्णांकात लिहिलेला 26 × 1⅜ हा 590 चा, 26 × 1½ हा 584 चा आणि 26 × 1¾ हा 571 चा. 1.75 आणि 1¾ गणितात एकच, रिमवर मात्र त्यांच्यात 12 मिलिमीटरचा फरक. हे लक्षात ठेवायला सोपं आहे: नाव एकच असलं तरी दशांश आणि अपूर्णांक सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'अठ्ठावीस'ची गोष्टही तशीच. रॉड ब्रेकची काळी सायकल, जिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकतात, तिचा 28 × 1½ म्हणजे 635. पण 28 × 1.75 असं दशांशात छापलं असेल तर तो 622 चा. 700 सी ही 622, 29 ही 622. जुन्या रेसिंग सायकलींचा 27 × 1¼ हा 630. गंमत म्हणजे नव्या एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, 27.5 आणि जुना 26 × 1½ दोन्ही 584 चेच.

फसवणूक होते ती जवळच्या व्यासांत. 622 च्या रिमवर 635 चा टायर कुणी चढवत नाही, कारण हातात घेतल्यावरच तो ढिला लागतो. पण 622 च्या रिमवर 630 चा टायर सहज चढतो. लिव्हरही लागत नाही, आणि बसवणारा खूश होतो की काम पटकन झालं. व्यासात 8 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात सुमारे 25 मिलिमीटरचा ढिलेपणा. 30-40 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) टायर बसल्यासारखा दिसतो, पुढे हवा वाढली की एका जागी तार रिमची कड ओलांडते. 584 च्या रिमवर 590 चा टायर टाकला तरी हेच होतं. नवा टायर लिव्हरशिवाय फारच आरामात चढला, तर आनंदाच्या आधी आकडा बघा.

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या मुलींच्या सायकली खेडोपाडी भरपूर आहेत. त्यांना नवा टायर घेताना "शाळेच्या सायकलचा द्या" एवढ्यावर भागवू नका. जुना टायर सोबत न्या.

आकडा झिजून गेला असेल तर रिमवर बघा. अॅल्युमिनियमच्या रिमवर स्टिकर किंवा ठसा असतो, 559 × 19 असा. स्टीलच्या रिमवर बहुतेक वेळा वॉल्व्हच्या भोकाजवळ इंचाचा ठसा असतो.

2. हवा

जोडी बरोबर असूनही हवा कमी असली तर चिरा पडतात, चाक डोलतं, टायर रिमवर सरकून वॉल्व्ह तिरका होतो. म्हणून आकडा जुळला की लगेच हवा तपासा, नाहीतर विनाकारण टायर बदलला जाईल.

टायरवर जास्तीत जास्त पीएसआय छापलेलं असतं, काहींवर कमीत कमीही. त्या मर्यादेत राहून, 70 किलोच्या माणसाला सुरुवातीला 26 × 1.95 ला 35 ते 45, 700 × 35 ला 50 ते 60 आणि 700 × 28 ला 70 ते 80 धरा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. कॅरियरवर पोतं किंवा दुसरा माणूस असेल तर मागे आणखी वाढवा, पण छापलेल्या मर्यादेच्या आतच.

जाड टायरला बारीक टायरइतकी हवा भरू नका. टायर जितका रुंद, तितका तेवढ्याच हवेचा रिमच्या कडांवरचा ताण जास्त. 28 च्या टायरची हवा 50 च्या टायरमध्ये भरली तर कडांवरचा ताण पावणेदोन पट होतो. टायर सोसेल, अरुंद रिम कधीतरी उघडेल.

जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये रबराची छोटी नळी असते, आपण तिला वॉलट्यूब म्हणतो. उन्हाळ्यात ती चिकट होऊन चिरते आणि रात्रभरात हवा हळूहळू जाते. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा फुगला तर आधी वॉलट्यूब बदला. या वॉल्व्हवर साधा हवामापक चालत नाही, अंगठ्याचाच अंदाज घ्यावा लागतो. माणूस बसल्यावर मागचा टायर जमिनीशी थोडा पसरावा, पण रिम खाली बसल्यासारखी दिसू नये.

उन्हाचा हिशेब एकदाच करून टाकू. पहाटे 25 अंशांना 60 पीएसआय भरली आणि दुपारी टायर 45 अंशांना गेला, तर हवा साधारण 65 होते. काळा टायर उन्हात 60 अंशांपर्यंत तापला तरी 69 च्या आसपास. म्हणजे वाढ आठ-नऊ पीएसआयची. नीट बसलेला, बरोबर मापाचा टायर एवढ्याने उतरत नाही. जो उतरला तो आधीच कडेवर टेकलेला होता, उन्हाने फक्त शेवटचा धक्का दिला. तरीही मेमध्ये टायरच्या मर्यादेला टेकवून हवा भरू नका, पाच-सहा पीएसआय कमी ठेवा.

हायवेवरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसरने हवा भरणं टाळा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडीशी आणि तिथला दाब प्रचंड, दोन सेकंदांत मर्यादा ओलांडली जाते. नाइलाज असेल तर टिचकीएवढाच झोत देऊन थांबत थांबत भरा.

3. रेघ बघा, चाक फिरवा

टायरच्या दोन्ही बाजूंना, रिमच्या कडेच्या थोडं वर, एक उंचवट्याची बारीक रेघ असते. सायकल उलटी करा आणि चाक हळू फिरवा. ही रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी रेघ रिममध्ये बुडाली असेल तर टायर तिथे पूर्ण बसलेला नाही. एखाद्या जागी वर आली असेल तर टायर तिथे उतरायच्या बेतात आहे. दुसऱ्या प्रकारात आधी हवा सोडा, मगच पुढचं बोला.

चाक फिरवताना रिमवर नजर ठेवा, मग टायरवर. रिम सरळ आणि टायर वेडावाकडा असेल तर बसवण्याची चूक, चुकीचं माप किंवा टायरच्या आतला कापडी थर तुटलेला. रिमच डावी-उजवीकडे जात असेल तर चाक आऊट आहे, तो वेगळा आजार. दोन्ही एकत्रही असू शकतात.

4. फट

टायर आणि चिमटा, टायर आणि मडगार्ड, टायर आणि मागच्या नळ्या यांच्यामध्ये कमीत कमी चार मिलिमीटर फट हवी. काळ्या मातीत चालणाऱ्या सायकलला एवढी पुरत नाही. जून-जुलैत पांदणीच्या वाटेने गेलात तर ती माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये थापली जाते आणि चाक अक्षरशः जाम होतं. तिथे आठ-दहा मिलिमीटर असलेलं बरं. ज्यांची रोजची वाट शेतातून जाते त्यांनी पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवणं हाही एक मार्ग आहे, अंगावर चिखल उडेल एवढंच.

टायर एकाच बाजूला घासत असेल तर चाक काढून उलटं, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून, पुढच्या चिमट्यात बसवून बघा. घासण्याची बाजू बदलली तर दोष चाकात किंवा टायरात. त्याच बाजूला घासत राहिलं तर चिमटा वाकडा आहे किंवा आख नीट बसलेला नाही. पाच मिनिटांची ही चाचणी न केल्यामुळे बिचारे चांगले टायर भंगारात जातात.

ब्रेकचं रबर टायरला लागत असेल तर त्याच दिवशी सरकवा. रबर टायरची बाजू कापतं आणि टायर अचानक फुटतो.

5. भोक नेमकं कुठे आहे

पुढच्या वेळी पंक्चर काढताना, किंवा आत्ताच, एक सवय लावा. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी ठेवा. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून टायरवर तशीच ठेवून बघता येते. ट्यूबचं भोक टायरच्या कोणत्या जागेसमोर आहे ते लगेच कळतं, काटा तिथेच सापडतो.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला आणि एकटं असेल तर काटा, काच किंवा तार. टायरच्या आतून बोट फिरवायची घाई करू नका, बाभळीचा काटा बोटातच मोडतो. जुन्या कापडाचा बोळा फिरवा, तो अडकेल तिथे काटा. दोन समांतर चिरा म्हणजे कमी हवा, किंवा रिमच्या मानाने फारच बारीक टायर. भोक आतल्या अंगाला म्हणजे रिमची पट्टी किंवा आरी. वॉल्व्हच्या बुडाशी फाटलं तर टायर रिमवर सरकतोय. त्याची कारणं हवा कमी असणं, टायर ढिला असणं किंवा वॉल्व्हचं भोक मोठं असणं. मोटारसायकलसारख्या जाड वॉल्व्हचं भोक साधारण 8.5 मिमी आणि बारीक प्रेस्टा वॉल्व्हचं 6.5 मिमी असतं. मोठ्या भोकात बारीक वॉल्व्ह हलत राहतो आणि बुडाशी कापला जातो.

6. रिमची पट्टी

चाक उघडलंच आहे तर रिमच्या आत बसवलेली पट्टी बघा. आऱ्यांची टोकं आणि त्यांची भोकं यांच्यापासून ट्यूब वाचवायचं काम तिचं. ती रिमच्या तळाला पूर्ण झाकेल एवढी रुंद हवी: आतली रुंदी 19 असेल तर पट्टी 20-21 ची, कडांना किंचित वर चढणारी. अरुंद पट्टी सरकते आणि अर्धं भोक उघडं पडतं.

स्टीलच्या एकेरी रिमवर रबराची पट्टी ठीक चालते. अॅल्युमिनियमच्या दुहेरी रिमला मात्र खोल भोकं असतात. तिथे रबर टिकत नाही, 50-60 पीएसआयला ते भोकात दबतं, ट्यूब त्याच्यामागे आत शिरते आणि भोकाच्या कडेने कापली जाते. अशा रिमला कापडी चिकटपट्टी किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टीच हवी. गावात सगळीकडे चालणारा जुगाड म्हणजे वायरिंगची इन्सुलेशन टेप. थंडीत ती काम देते. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो, टेप गोळा होऊन एका बाजूला जाते, आणि मेमध्ये रोज एक पंक्चर मिळतं.

आरीचं टोक पट्टीतून वर टोचत असेल तर कानशीने घासून सपाट करा. स्टीलच्या रिमच्या तळाला गंजाचे पापुद्रे असतील तर पॉलिश पेपरने साफ करा. ते ट्यूबला कापतातच, टायरची तारही खातात.

7. ट्यूब

ट्यूबच्या खोक्यावर रुंदीचा पल्ला असतो, टायरची रुंदी त्यात हवी. फार बारीक ट्यूब जाड टायरमध्ये ताणली जाते, पातळ होते आणि जुने पॅच उघडतात. फार जाड ट्यूब बारीक टायरमध्ये घडी घेते आणि घडीवरच फाटते. व्यासातला थोडा फरक ट्यूब सोसते, टायर सोसत नाही.

8. रिमची आतली रुंदी मोजा

आता मुख्य काम. रिमवर 559 × 19 किंवा 622 × 17 असा ठसा असेल तर लहान आकडा म्हणजे आतली रुंदी. ठसा नसेल तर मोजावी लागते. टायर काढा आणि रिमच्या दोन कडांच्या आतल्या टोकांमधलं अंतर मोजा. बाहेरून बाहेर मोजू नका, तो सगळ्यात नेहमीचा घोटाळा. अॅल्युमिनियमच्या रिमची बाहेरची रुंदी आतल्यापेक्षा साधारण पाच-सहा मिलिमीटरने जास्त असते, आणि त्या आकड्यावर टायर निवडला की पुढचं सगळं चुकतं. व्हर्नियर कोणत्याही लेथवाल्याकडे असतो, चाक घेऊन गेलात तर मिनिटभराचं काम. नसेलच तर स्टीलची पट्टी, आणि तीन जागी मोजून सरासरी.

ढोबळ सूत्र असं: आतली रुंदी गुणिले 1.45 हा सर्वांत बारीक टायर, आतली रुंदी गुणिले 2 हा आरामात बसणारा जाड टायर. म्हणजे 17 च्या रिमला 25 ते 34, 19 च्या रिमला 28 ते 38, 21 ला 30 ते 42 आणि 25 ला 36 ते 50. रस्त्यावर जास्त हवेने चालवायच्या सायकलला हे पाळाच. एमटीबी मात्र दुकानातूनच 19-21 च्या रिमवर 50 चा टायर घालून येतात आणि चालतातही, कारण त्यांत हवा कमी असते. तिथे अडीच पटीच्या आसपास थांबा आणि हवा 45 पीएसआयच्या आत ठेवा. टायर किंवा रिमच्या कंपनीने स्वतःचा तक्ता दिला असेल तर वरच्या सूत्रापेक्षा तो मोठा.

सीमा ओलांडली की काय होतं ते समजलं तर तक्ता पाठ करावा लागत नाही.

अरुंद रिमवर जाड टायर: टायर तळाशी चिमटल्यासारखा आणि वर फुगलेला राहतो. वळताना वरचा भाग एकीकडे जातो, तळ दुसरीकडे ओढतो, म्हणून चाक डोलतं. रिमच्या कडेवर टायरची बाजू सतत वाकते आणि तिथेच गोल चीर पडते. हवा कमी करावी तर डोलणं वाढतं, वाढवावी तर रिमच्या कडांवर ताण येतो. यातून सुटका नाही. "जाड टायर टाकला की पंक्चर होत नाही" हे आपल्याकडचं आवडतं मत आहे. बारीक टायरवरून एक पायरी जाड गेलात आणि रिम परवानगी देत असेल तर ते खरंही आहे. 15 च्या रिमवर 2.125 चा टायर बसवला तर मात्र काटे कमी आणि दुखणी जास्त.

रुंद रिमवर बारीक टायर: टायर पसरून सपाट होतो, त्याच्या बाजू उभ्या भिंतीसारख्या होतात. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर कमी उरतं, म्हणून दोन चिरांचं पंक्चर आणि रिमला पोचे. टायरपेक्षा रिमची कडच बाहेर आलेली असते, त्यामुळे दगडाचा मार थेट रिमवर बसतो. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यांवर ही जोडी आठवडाभरही टिकत नाही.

एक बारकावा. तोच टायर रुंद रिमवर थोडा जाड मोजतो, आतल्या रुंदीच्या दर मिलिमीटरला साधारण 0.4 मिमी. म्हणजे 19 च्या रिमवरचा टायर 25 च्या रिमवर गेला की दोन-अडीच मिलिमीटर फुगतो. रिम बदलल्यावर तोच जुना टायर चिमट्याला का घासायला लागला, याचं उत्तर बऱ्याचदा हेच. शिवाय नवा टायर पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा पसरतो, म्हणून फट मोजायची ती दुसऱ्या दिवशी.

9. परत बसवताना

माप बरोबर असूनही टायर वाकडा बसतो तो घाईमुळे. आधी ट्यूबला टाल्कम पावडर चोळा, नुसतीच आकार येईल एवढी हवा भरा आणि टायरची एक बाजू पूर्ण आत घाला. दुसरी बाजू वॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा. तार रिमच्या मधल्या खोलगटात ढकलत गेलात तर शेवटी ढिल मिळते आणि लिव्हर लागतच नाही. शेवट हातानेच करा. पेचकसाने उचकटलेला टायर म्हणजे ट्यूबला नवं भोक, आणि त्याचा दोषही शेवटी काट्यालाच जातो.

मग वॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढा. दोन्ही बाजूंनी टायर चिमटीत धरत पूर्ण गोल फिरा, ट्यूब कुठे तारेखाली अडकली नाही ना ते बघा. 10 पीएसआय भरा, रेघ बघा. कुठे बुडाली असेल तर तिथे साबणाचं पाणी लावा आणि हाताने ओढून बसवा. निम्मी हवा, पुन्हा रेघ. मग पूर्ण. टायर जागेवर बसावा म्हणून मर्यादेपेक्षा जास्त हवा भरायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती करू नका. वर सांगितलेली साबणाची युक्ती तेच काम विनाधोका करते.

इथे थांबा, मिस्त्रीकडे जा

रिमची कड बाहेरच्या बाजूला उघडलेली दिसली तर पक्कडीने आत वळवू नका. अॅल्युमिनियम एकदा वाकून परत वाकवलं की तिथेच तडा जातो. आरीच्या भोकाभोवती बारीक तडे, रिमच्या जोडावर फट, किंवा वर-खाली उडी मारणारा खोल पोचा असेल तर रिम बदलायची, दुरुस्ती नाही.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ब्रेक जिथे घासतात त्या भिंतीवर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये खळगा दिसला तर भिंत झिजलेली आहे. काही रिमांवर झिजेची खूण म्हणून खाच किंवा ठिपका असतो, तो गायब झाला की रिम संपली. झिजलेली भिंत हवेच्या दाबाने एका क्षणात फाटते, आणि म्हैसमाळ किंवा अंबाजोगाईच्या उतारावर ब्रेक दाबून रिम तापवल्यावर ती वेळ यायची शक्यता सर्वांत जास्त.

दोनपेक्षा जास्त आऱ्या तुटलेल्या असतील, किंवा चाक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आऊट असेल, तर आऊट काढायचं काम ज्याच्याकडे स्टँड आहे त्यालाच द्या. एका आरीचा आटा घट्ट केला की समोरच्या बाजूचं चाक सरकतं, आणि घरच्या पान्याने सुरू झालेलं काम आठचा आकडा होऊन संपतं. रिम बदलून नवी आरी भरायची असेल तरीही तसंच, कारण आऱ्यांची लांबी रिम आणि हबनुसार ठरते.

कार्बनची रिम, आत आकडीची कड नसलेली (हुकलेस) रिम आणि ट्यूबलेस जोडी यांना वरचा हिशेब लावू नका. आकडीची कड नसलेल्या रिमला टायरवर तशी परवानगी छापलेलीच हवी आणि हवा 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआयच्या आतच. ती छपाई सापडत नसेल तर टायर बसवूच नका. मोटर हबमध्ये असलेल्या इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या चाकाला वायर आणि टॉर्क आर्म, म्हणजे आख फिरू न देणारी पट्टी, असते, ते चाक काढण्यापूर्वी त्या कामाच्या माणसाला विचारा.

मिस्त्रीकडे जाताना चाकाबरोबर तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: टायरवरचा दोन भागांतला आकडा, मोजलेली आतली रुंदी, आणि भोक ट्यूबच्या कोणत्या अंगाला होतं ते. नवीन टायर घेतल्यावर तोच आकडा मार्करने चिमट्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. टायरवरचा दोन उन्हाळ्यांत पुसला जातो.